भिकन, तो नंबर तू घेतला नव्हतास

तुझा अंगठा काचेवरच होता. तू खुर्चीतून घसरलास, डोकं टेबलाच्या कडेला टेकलं, तरी फोन हातातून सुटला नाही, आणि तुला पान वाचून दाखवणारी त्यातली बाई बोलत राहिली. लेबल नसलेलं बटण. लेबल नसलेलं बटण. मी समोर मेथी निवडत बसले होते. सकाळचे दहा वाजले असतील. मी आधी तुला हाक मारली, मग खांदा हलवला, मग फोन तुझ्या हातातून ओढून घेतला.

माझा फोन आतल्या खोलीत चार्जिंगला होता. तुझा हातात होता, म्हणून त्यावरूनच शेजारच्या ज्योतीला लावायला गेले. ते दवाखान्याचं पान समोरून जाईना. खालच्या गोल खुणेवर बोट ठेवलं. बाई म्हणाली, होम, बटण. पान हललं नाही. परत ठेवलं. होम, बटण. दाबून धरलं तर ती भलतंच काहीतरी तडतडली, तुझ्या सवयीच्या वेगात, आणि मला त्यातला एक शब्द कळला नाही. डोळे उघडे असून मला त्या पानातून बाहेर येता येईना. शेवटी फोन खाली टाकला आणि मागच्या भिंतीपाशी जाऊन ज्योतीच्या नावानं ओरडले. ज्योतीनं नंतर सांगितलं, की एकदा बोट ठेवलं तर ती बाई फक्त वाचून दाखवते, काम करून घ्यायचं तर भरभर दोनदा टिचकायचं. हे तू मला दोन वर्षं शिकवायला बघत होतास. मी म्हणायचे, मला काय करायचंय, मला डोळे आहेत.

ज्योतीच्या नवऱ्यानं रिक्षा आणली. आपल्या पिंप्राळ्यातून त्याच दवाखान्यात नेलं तुला, ज्याचा तपासणीचा नंबर तू आठ दिवस घ्यायला बघत होतास. तिथं नंबर कोणी विचारला नाही. चाकाची खुर्ची लगेच आली, उतारावरून सरळ आत गेली. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, रस्त्यातच गेले.

आता ऐक. तू ऐकत नाहीस हे मला माहीत आहे. मी देवभोळी नाही आणि तुला वरून काही दिसतं असंही मी मानत नाही, खाली असताना दिसत नव्हतं. पण हे तुला सांगायचं होतं आणि मी सांगितलं नाही, म्हणून लिहिते.

मी तुझ्याहून पाच वर्षांनी मोठी. एरंडोलजवळच्या आपल्या गावात गोवर आला तेव्हा तू चार वर्षांचा होतास आणि मी चौथीत होते. तुझे डोळे गेले. आई-बाप शेतात जायचे, तुला कोणी सांभाळायचं, म्हणून माझं नाव शाळेतून काढलं. मी तुझा हात धरून ओट्यावरून खाली, ओट्यावरून वर, विहिरीपासून लांब, बैलापासून लांब, असं सात वर्षं केलं. मग कोणीतरी सांगितलं म्हणून तुला धुळ्याला अंधांच्या शाळेत घातलं. तू ठिपक्यांवर बोट फिरवत मॅट्रिक झालास. मी चौथीवर राहिले. हे मी तुला एकदा तोंडावर बोलून दाखवलं होतं, रागात, तुझ्या नोकरीच्या पेढ्यांच्या दिवशी. तू पेढा हातात धरून म्हणालास, "माले मालूम शे, अक्का." तेवढंच. दुसरं काही बोलला असतास तर मला भांडता आलं असतं.

धुळ्याच्या सरकारी कचेरीत तू फोन जोडून देण्याचं काम केलंस, रिटायर होईपर्यंत. लोक म्हणायचे, या माणसाला कचेरीतले सगळे नंबर तोंडपाठ आहेत. तुझं लग्न जमलं नाही. माझे मालक गेले तेव्हा तू म्हणालास, मी येतो जळगावला, आणि बॅग घेऊन आलास. मला बरं वाटलं. खरं सांगायचं तर मला परत काम मिळाल्यासारखं वाटलं. तुझी पत्रं मी वाचायचे, अडखळत, पण मीच. बसची पाटी मी वाचायचे. औषधाच्या बाटलीवरचं मी वाचायचे. तुझ्या बाबतीत मी कधी अडाणी नव्हते.

मग तो फोन आला. धुळ्याच्या तुझ्या मित्रानं, सुभाषनं, तुला तो वापरायला शिकवला. त्यातली बाई सगळं वाचून दाखवायची. तू तिचा वेग इतका वाढवून ठेवलास, की मला तव्यावर लाह्या फुटल्यासारखं ऐकू यायचं. मी तिला भवानी म्हणायचे. सकाळी मी पेपर उघडायच्या आत तू म्हणायचास, अक्का, रावेरकडं वादळानं केळी आडवी झाली. मी म्हणायचे, भवानीनं सांगितलं का. तू हसायचास. मला हसू यायचं नाही.

तरी एक लिहून ठेवते. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा माझ्या डोळ्यांत थेंब तू घालायचास. ज्योतीचा हात कापायचा, माझा स्वतःचा नेम चुकायचा. तू डाव्या हाताच्या दोन बोटांनी पापणी वर करायचास आणि थेंब बरोबर आत पडायचा. दिवसातून चार वेळा, महिनाभर, तुझ्या फोनच्या गजरावर. तेव्हा मला पेपरही तूच वाचून दाखवलास. मी तुला तेव्हा काही म्हणाले नाही. आता म्हणते. तुझ्याएवढं बरोबर कोणी केलं नसतं.

तुला जिना चढताना धाप लागायला लागली. हृदयाचे डॉक्टर त्या मोठ्या दवाखान्यात आठवड्यातून दोनदा येतात. मी खिडकीवर गेले. तिथल्या मुलीनं सांगितलं, आजी, नंबर इथून मिळत नाही, साईटवरून घ्या. खिडकीवर तशी पाटीही होती. मी घरी येऊन तुला सांगितलं. तू खुश झालास, म्हणालास, चांगलं झालं, मी घेतो.

नाव, वय, पत्ता, काय त्रास होतो, सगळं तू भरलंस. भवानी एकेक वाचत गेली, तू टिचकत गेलास. शेवटचं पान आलं आणि ती अडकली. त्या पानावर चौकोन होते, ओळींनी मांडलेले. हिरवा म्हणजे मोकळा, लाल म्हणजे भरलेला. चौकोनावर वेळ लिहिलेली होती, मला दिसत होती, पण ती चित्रात होती म्हणून तिला वाचता येत नव्हती. प्रत्येक चौकोनाला ती एकच म्हणायची, लेबल नसलेलं बटण. आणि दाबलं तरी पुढं काही व्हायचं नाही.

मी म्हणाले, आण इकडे, मी दाबते. तू फोन छातीशी धरलास. "अक्का, मनं काम शे. मी करसू."

तिथून आपलं भांडण सुरू झालं, ते महिनाभर चाललं. तू दिव्यांगांच्या तक्रारी घेणाऱ्या सरकारी कार्यालयात अर्ज पाठवलास. दवाखान्याच्या वकिलाचं उत्तर आलं. भवानीनं ते वाचलं आणि तू मला सावकाश समजावून सांगितलंस. ते म्हणत होते, कायदा इमारतीला लागू आहे. आमच्याकडं उतार आहे, लिफ्ट आहे, चाकाची खुर्ची आहे. साईट ही इमारत नाही, आणि दवाखाना खाजगी आहे.

मी म्हणाले, बरोबरच आहे त्यांचं. पायरीला उतार करता येतो, फोनला काय करणार.

तू म्हणालास, पूर्वी दवाखान्याचं दार रस्त्यावर होतं, म्हणून उतार रस्त्यावर केला. आता खिडकी बंद करून त्यांनीच दार फोनमध्ये नेलं. मग उतार तिथं नको का.

मी म्हणाले, दार फोनमध्ये असलं तरी मी आहे ना तुला आत न्यायला. सहा वर्षांचा होतास तेव्हाही मीच नेत होते. त्याला कायदा कशाला पाहिजे.

तू म्हणालास, "तू किती दिवस शे, अक्का?"

हे मला लागलं. मी दोन वेळा जेवले नाही. तू समजलास, तू मरणाचं बोललास म्हणून मी चिडले. तसं नव्हतं. तू मला सांगत होतास की माझ्याशिवाय चालायला पाहिजे, आणि ते मला ऐकायचं नव्हतं.

नंतर मी वेगळ्या बाजूनं आले. म्हणाले, उद्या कोपऱ्यावरच्या किराणावाल्यानं साईट काढली तर त्यालाही कोर्टात नेशील का? गरीब माणूस, पोरगं त्याचं कसंबसं बनवतं, त्याला काय माहीत आंधळे येतील. हा प्रश्न तुला पटला. मग म्हणालास, किराणावाला मला ओळखतो, मी दारात उभा राहून साबण मागितला तर देतो. त्याचं दार उघडं आहे. ज्यानं बाकीची सगळी दारं लावून घेतली आणि एकच ठेवलं, त्याला कायदा लावा. आणि लावताना मुदत द्या, कसं करायचं ते शिकवा. दंड मागाहून. मी म्हणाले, मग मला डोळे असून ती साईट येत नाही, माझ्यासाठी कोण कायदा करणार? तू म्हणालास, चौकोनावर नीट नाव लिहिलं तर तुलाही येईल, तुझ्यासाठीच भांडतोय असं समज.

तू मला पटवलं होतंस. मी ते कबूल केलं नाही. मी उठून चहा ठेवला.

दवाखान्यातून एका माणसाचा फोन आला होता, गोड बोलणारा. काका, तुम्ही आम्हाला सांगा, आम्ही तुमच्यापुरता नंबर लावून देतो. तू म्हणालास, माझ्यापुरता नको. धुळ्याचे तुझे मित्र जळगावला याच डॉक्टरांकडं यायचे, सुभाष, अजून दोघं-तिघं. त्यांनीही मग अर्ज केले. सुनावणीची तारीख लागली, व्हिडिओवर. तू रोज बोलायची तयारी करायचास. साहेब, मी अंध आहे, मला मदत नको आहे, मला बटणाचं नाव पाहिजे. मी भांडी घासताना हे इतक्यांदा ऐकलं की मला पाठ झालं.

तेवढ्यात तुझे पाय सुजले. सुनावणीला चार दिवस होते. सकाळी तू परत त्या पानावर बसलास, चौकोनामागून चौकोन. मी मागच्या दारानं ज्योतीकडं गेले. तिला म्हणाले, तुझ्या फोनवरून याचा नंबर लाव, याला कळू देऊ नको. तुझं नाव आणि तुझा मोबाईल नंबर टाकला की तेव्हा व्हायचं काम. ज्योतीनं हिरवा चौकोन दाबला. मी परत येऊन चुलीपाशी उभी राहते न राहते, तोच तुझ्या फोनवर मेसेज आला आणि भवानीनं वाचला. आपला नंबर निश्चित झाला आहे.

मला वाटलं होतं तू विचारशील, हा कोणी लावला. मी उत्तरही तयार ठेवलं होतं, दवाखान्यानं लावला असेल म्हणून. पण तुझं बोट त्याच वेळी चौकोनावर होतं.

नंबर लागला म्हणून हरखून तू खुर्चीवरून उठलास. "अक्का, नंबर लागना. मी लावा. डावीकडथून तिसरा, दुसरी ओळ."

तुझा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. मॅट्रिकच्या वेळीही नाही. मी भाकरी थापत होते. म्हणाले, बरं झालं.

जेवणाआधीच तू फोनला बोलून पत्र लिहिलंस आणि कार्यालयाला पाठवलंस. माझ्या तक्रारीनंतर संबंधितांनी सुधारणा केलेली दिसते. आज मी कोणाच्याही मदतीशिवाय नंबर घेतला. त्यांचे आभार. मी तक्रार मागे घेत आहे. तू असाच होतास, कोणी चांगलं केलं की लगेच सांगायचास. मग धुळ्याच्या मित्रांच्या ग्रुपवर बोलून पाठवलंस, कोणता चौकोन दाबला तेही. मी तव्याजवळ होते. एक भाकरी झाली, दुसरी टाकली. मध्ये बोलायला भरपूर जागा होती.

डॉक्टरांना तू सांगितलंस की मी स्वतः नंबर घेऊन आलो. ते वा म्हणाले. गोळ्या दिल्या, पाय उतरले, तीन महिन्यांनी परत या म्हणाले.

तीन महिन्यांत तू कोणाला सांगायचा राहिला नाहीस. इस्त्रीवाल्याला सांगितलंस. ज्योतीलाही सांगितलंस, आणि ती माझ्याकडं बघत बसली. संध्याकाळी मला म्हणाली, अक्का, सांगून टाका ना आता. मी तिला म्हणाले, तू गप्प बस.

तीन महिने झाले आणि तू परत टेबलाशी बसलास. मीही परत ज्योतीकडं गेले. पण आता त्या साईटनं कोड मागायला सुरुवात केली होती, तो तुझ्याच फोनवर यायचा. चोरून करायची सोय गेली. साईट त्यांनी खरंच सुधारली होती, फक्त चोरांसाठी. चौकोन तसेच होते.

पहिल्या दिवशी तू म्हणालास, उद्या होईल. दुसऱ्या दिवशी म्हणालास, नेट हळू आहे. तिसऱ्या दिवसापासून तू स्वतःवर आलास. अंगठ्याची कातडी जाड झाली म्हणालास, खोबरेल चोळलंस. मग तेलानं बोट सरकतं म्हणून राख लावून धुतलंस. नखं काढलीस. काच माझ्या पदरानं पुसून घेतलीस. आणि दर वेळी डावीकडून तिसरा, दुसरी ओळ, मोजून, ओठ हलवत, तोच चौकोन. मी समोर बसून बघायचे. एक दिवस तो चौकोन लालच होता. डोळे असलेल्या कोणालाही दिसलं असतं की तो भरलेला आहे. तू त्याच्यावर तासभर होतास.

"मनाच हात चुकस, अक्का," तू म्हणालास. "मांगे तर व्हयनं व्हतं."

मी म्हणाले, चल, रिक्षा करू आणि सरळ जाऊन बसू तिथं. तू म्हणालास, काय म्हणून जाऊ? साईट चांगली झाली असं मीच लिहून दिलंय. आता मलाच येत नाही असं सांगू का? माझं खोटं तू माझ्यापुढं पुरावा म्हणून ठेवत होतास.

मी का सांगितलं नाही ते लिहिते. लोकांना मी सांगते की त्याचा आनंद मोडवेना. ते पूर्ण खरं नाही. मला भीती होती की तू माझ्याशी बोलणं बंद करशील. चार वर्षांचा असल्यापासून तुला सांगत आले, इथं पायरी आहे, इथं पाणी आहे, आणि तू पाय टाकत आलास. माझ्या शब्दावर तू कधी काठी आपटून पाहिली नाहीस. ते एकदा गेलं असतं तर माझ्याकडं दुसरं काय होतं? म्हणून मी गप्प बसले, आणि तू तुझ्या अंगठ्याला दोष देत राहिलास.

आठव्या दिवशी जे झालं ते वर लिहिलंय.

डॉक्टर म्हणाले, आधी आणलं असतं तरी सांगता येत नाही. मला बरं वाटावं म्हणून म्हणाले की खरंच तसं असतं, ते मला कळत नाही. विचारायला गेले तर ते परत तेच म्हणतील.

द्वारदर्शनाला, दुखवट्याला भेटायला, तुझे धुळ्याचे मित्र आले. तिघं, एसटीनं, पांढऱ्या काठ्या घेऊन. ओट्यावर पुरुष बसले होते, आत बायका. ज्योती त्यांना हात धरून आणायला उठायला लागली, सुभाष म्हणाला, ताई, आवाज द्या फक्त, आम्ही येतो. चहा झाला. तुझ्या कचेरीतल्या गोष्टी निघाल्या. तू साहेबांच्या घरचा फोन चुकवून सासुरवाडीला जोडून दिला होतास ती गोष्ट त्यानं सांगितली, आणि सुतकात बसलेल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मग तो माझ्या आवाजाकडं वळला.

"अक्का, एक विचारू का? राग मानू नका, वेळ ही नाही. भाऊनं सांगितलेला तोच चौकोन आम्ही तिघं दाबतो. आमचा लागत नाही. भाऊचं मागं घेतलेलं बघून आम्हीही आमचे अर्ज मागं घेतले, म्हटलं आपलंच काहीतरी चुकतंय. तुम्ही समोर होतात. त्यानं अजून काही केलं होतं का?"

मी म्हणाले, त्यानं काहीच केलं नव्हतं. तो नंबर मी शेजारणीकडून लावून घेतला.

ज्योती उठून आत गेली. सुभाषनं विचारलं, त्याला माहीत होतं? मी म्हणाले, नाही. शेवटपर्यंत? मी म्हणाले, शेवटपर्यंत.

तो मला शिव्या देईल असं मला वाटलं, आणि दिल्या असत्या तर चाललं असतं. तो हळू म्हणाला, "आमच्या घरीही करतात, अक्का. करून ठेवतात आणि म्हणतात, बघा, तुम्हीच केलंत. मला कधी कधी कळत नाही, घरात मी स्वतः केलेलं असं नेमकं काय शे."

बाकीचे दोघं मान हलवत होते. माझ्यासमोर तीन माणसं बसली होती आणि तिघांच्याही घरी माझ्यासारखं कोणीतरी होतं. भिकन, मी आयुष्यात एकच काम केलं, तुझे डोळे झाले. त्या दिवशी मला ते काम काय होतं हे दुसऱ्या बाजूनं दिसलं, आणि आता ते सुधारून घ्यायला तू नाहीस.

सुतक फिटून गंधमुक्ती झाल्यावर सुभाषनं पुन्हा तक्रार केली. दवाखान्याच्या वकिलानं उत्तराला तुझं पत्र जोडलं. एका पूर्ण अंध व्यक्तीनं कोणाच्याही मदतीशिवाय नंबर घेतला आहे आणि आभार मानले आहेत. कायदा साईटला लागू आहे की नाही हा मुद्दाच त्यांनी बाजूला ठेवला. लागू असला तरी आमची साईट चालते, तुमचाच माणूस सांगतो, असं त्यांचं म्हणणं. तू महिनाभर जे मांडत होतास ते सगळं तुझ्याच चार ओळींनी मोडून पडलं, आणि त्या चार ओळी माझ्या आहेत.

मी सुभाषला म्हणाले, मी लिहून देते. त्यानं कार्यालयात विचारलं. ते म्हणाले, द्या, पण मयत माणसाच्या लेखी पत्रापुढं बहिणीचं म्हणणं किती धरायचं ते साहेब ठरवतील. सुभाषला फार आशा दिसली नाही. मलाही नाही. माझ्यासारखी बाई, चौथी शिकलेली, साईट न येणारी, आधी खोटं बोलले असं स्वतः सांगणारी. मी साहेब असते तर मीही धरलं नसतं.

कागद आला. छापलेला होता, रकाने होते. ज्योती म्हणाली, मी भरून देते. मी तिला पेन ठेवायला सांगितलं आणि स्वतः भरला, सकाळभर लागली. पत्र लिहिणाऱ्याचं नाव. भिकन. हयात किंवा मयत. मयतवर खूण केली. नंबर घेताना हजर असलेल्या व्यक्तीचं नाव. माझं लिहिलं. नातं, बहीण. वय, बहात्तर. हयात किंवा मयत. हयातवर खूण केली.